‘रातकिडा’ यांस, काकांकडून

गेल्या रविवारी इथे ‘भुताला जन्मदाखला कशाला?’ असा एक लेख टाकला होता. जुन्या गाजलेल्या भयपटांच्या पूर्वकथा काढायच्या, निजलेल्या मालिका पुन्हा उठवून बसवायच्या, ही जी टूम हॉलिवुडात चाललीय तिच्यावर. खाली सव्वीस प्रतिक्रिया आल्या. पंचवीस जणांनी मान डोलावली, त्यातले दोघे माझे मावसभाऊ, हे कबूल. सव्विसावी ‘रातकिडा’ या नावाने रात्री पावणेदोनला आली. ती मी काढून टाकलेली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण “ही प्रतिक्रिया उडवाल हे माहीत आहे” असा आरोप त्यांनी आगाऊच करून ठेवलाय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार. ‘द एक्झॉर्सिस्ट’ची (एका मुलीच्या अंगात सैतान शिरतो तो सिनेमा) पूर्वकथा मी म्हणतो तशी २००५ची नव्हे, २००४ची. ‘द थिंग’ला मी अभिजात म्हणतो, पण दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा १९८२चा तो सिनेमाच मुळात १९५१च्या एका सिनेमाचा नवा अवतार. ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग पूर्वकथाच होता आणि तो पहिल्यापेक्षा जास्त गाजला, त्याचं काय? ‘द फर्स्ट ओमेन’ मी पाहिलेला दिसत नाही. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “खरी गोष्ट अशी की तुम्हाला सिनेमाची काळजी नाही, स्वतःच्या तरुणपणाची आहे. इफ्फीचा पास गळ्यात अडकवून पणजीत मिरवणाऱ्या काकांनी आम्ही कशाला घाबरायचं ते ठरवू नये.”

चार मुद्दे आणि एक चपराक.

पहिला मुद्दा मान्य. रेनी हार्लिनचा ‘एक्झॉर्सिस्ट: द बिगिनिंग’ २००४ साली आला, मी २००५ लिहिलं. लेखात दुरुस्ती केलीय आणि तळाला तशी नोंदही टाकलीय. चूक कशी झाली तेही सांगतो, म्हणजे माझी बाजू अगदीच लंगडी दिसायला नको. त्या एका पूर्वकथेचे सिनेमे दोन आहेत. आधी पॉल श्रेडरने एक पुरा केला. निर्मात्यांना त्यात पुरेशी भीती दिसली नाही, म्हणून त्यांनी तो फडताळात टाकला आणि हार्लिनला बोलावून जवळपास सगळं नव्याने चित्रित करून घेतलं. त्याचीही समीक्षकांनी सालटी काढल्यावर श्रेडरचा बाहेर आला, ‘डोमिनियन’ नावाने, २००५ मध्ये. दोन्हींत सैतान उतरवणाऱ्या फादर मेरिनचं काम एकाच नटाचं, स्टेलन स्कार्सगार्डचं. कोणी न विचारलेला एक प्रश्न आणि त्याची दोन उत्तरं! मी धाकट्याचं साल थोरल्याला चिकटवलं. आपल्याला हे सगळं ठाऊक असणारच, फक्त प्रतिक्रियेत लिहायचं राहून गेलं असेल.

तसं २००४ साल मी विसरायला नको होतं, कारण त्याच वर्षी इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आला. आणि आता आपण पासावर येऊ.

पास मिरवायचा नसतो हो. पास खिशात ठेवून बघा एकदा. फाटकावरचा पोरगा काढायला लावतो, जिन्यापाशी दुसरा काढायला लावतो, पडद्याच्या दारात तिसरा. नऊ दिवस दिवसाला चार सिनेमे म्हणजे तो किती वेळा खिशातून काढायचा याचा हिशेब आपणच करा. म्हणून तो गळ्यात असतो. बैलाच्या गळ्यातली घंटा बैल मिरवतो असं आपण म्हणतो का? जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात, नोव्हेंबरच्या उन्हात, मांडवीवरून वारा येईल या आशेवर मी पहिल्या वर्षापासून उभा राहत आलोय. फोंड्याहून पहाटेची बस, पिशवीत पाव-भाजीचा डबा, आणि दोन तास रांगेत काढल्यावर आपल्यापुढचे तीन लोक आत जाऊन दार बंद होणं. याला मिरवणं म्हणत असतील तर मग गणपतीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या बाजारात घामाघूम फिरणारा माणूसही मिरवतच असतो.

‘काका’ शब्द मला लागलेला नाही. (लागला नसता तर एवढं लिहिलं असतं का, असं आपण म्हणाल. म्हणा.) वयाने मी कोणाचा तरी काका आहेच. पाव घेऊन येणारा पोदेर सकाळी ‘अंकल’ म्हणतो, त्यालाही मी काही बोलत नाही. मला खटकलं ते ‘ठरवू नये’. मी काय ठरवलं? माझा लेख पुन्हा उघडा, त्यात ‘पाहू नका’ असं एक तरी वाक्य दाखवा. नाहीये. मी माझं मत लिहिलं, माझ्या जागेवर, माझ्या नावाने. आपण रात्री पावणेदोनला एका किड्याच्या नावाने येऊन माझं वय काढलंत. यात कोण कोणाला काय ठरवून देतोय ते वाचणारे बघतील. मतभेद असावा, पण त्याला दोन पैशांची रीत असते. आमच्या वेळी... नको, हे वाक्य मी पुरं केलं तर आपलंच म्हणणं सिद्ध होईल.

पण तरुणपणाचं काढलंतच, तर ऐका. ते फोंड्यात एका व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरमागे गेलं. १९८८ ते ९१. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या बहुतेक कॅसेटी चोरीच्या प्रती होत्या, आणि मालक उलटं न फिरवता परत आलेल्या कॅसेटीमागे माझ्या पगारातून एक रुपया कापायचा. माझा काय दोष? असो. पावसाळा सुरू झाला की कॅसेटींना बुरशी धरायची. खिडकीच्या प्लास्टिकमधून फितीच्या कडेवर आधी पांढरे ठिपके दिसायचे, आठ दिवसांत कोळ्याच्या जाळ्यासारखा थर. तशीच व्हीसीआरमध्ये घातली की ती हेडला चिकटायची आणि पुढे लावाल ती कॅसेट बिघडायची. म्हणून लाकडी कपाटात चाळीसचा बल्ब चोवीस तास पेटता. जुलैत तीन-तीन दिवस वीज नसली की मी कापूस आणि स्पिरिट घेऊन, बोटाने चक्र फिरवत, फीत वीतवीत पुसत बसायचो. अख्खा सिनेमा असा बोटांखालून गेलाय माझ्या. आपण तो फोनवर पाहिला असेल, दीडपट वेगाने.

फितीवरून एक गोष्ट कळायची. लोक जो प्रसंग पुन्हा पुन्हा मागे घेऊन, थांबवून थांबवून बघतात, तिथे फीत घासते. मग त्या जागी पडद्यावर पांढऱ्या रेघा उसळतात. आमच्याकडच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये त्या मुलीची मान गरकन फिरते तो भाग घासून घासून इतका गेला होता की मान फिरलेली दिसायचीच नाही, नुसता पाऊस दिसायचा. आणि सुरुवातीची दहा मिनिटं? कोरी करकरीत. कोणीच बघत नव्हतं. बोट ‘फॉरवर्ड’वरच. उसगावचे एक गृहस्थ तर रात्री नऊ वाजता स्कूटर मारत परत आले, चांगलेच तापलेले. “पोरा, चुकीची कॅसेट दिलीस. हा कसलातरी अरबी पिक्चर आहे.”

ती दहा मिनिटं मी पहिल्यांदा नीट पाहिली ती त्याच रात्री, दुकानाचं शटर अर्धं ओढून, त्या गृहस्थांना खात्री पटवून परत पाठवल्यावर. इराकमधलं उत्खनन, ऊन, कुदळींचे आवाज. म्हातारे फादर मेरिन. (हे काम करणारा माक्स फॉन सिडो तेव्हा चाळिशीतला होता, त्याला रंगभूषेने म्हातारा केलाय, डिक स्मिथने. आजही शिवण दिसत नाही.) मातीतून एक लहानसं मुंडकं निघतं. मेरिन एका खोलीत बसून बोलत असतात आणि भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक थांबतो. कोणी दचकत नाही, संगीत वाजत नाही. मग ते एकटे त्या पंखवाल्या पुतळ्यासमोर जाऊन उभे राहतात, बाजूला दोन कुत्री एकमेकांचा गळा धरतात, आणि लाल सूर्य. संपलं. मेरिन आणि त्या वस्तूची जुनी ओळख आहे एवढं आपल्याला समजतं. कुठली, कधीची, काय झालं होतं, काही नाही. त्यानंतर ते सिनेमाच्या शेवटाकडे त्या घराच्या दारात दिव्याखाली येऊन उभे राहतात तेव्हा आपल्या पोटात जो खड्डा पडतो तो त्या न सांगितलेल्या ओळखीमुळे पडतो. मान फिरल्यामुळे नाही.

आणि त्या दोन पूर्वकथांनी नेमकं तेच उकरलं. मेरिन तरुणपणी केनियात होते, जमिनीखाली गाडलेलं एक चर्च सापडलं, त्याआधी महायुद्धात नाझींनी त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं मारली म्हणून त्यांची श्रद्धा गेली होती, वगैरे वगैरे. सगळं बैजवार. लंबक का थांबला तेवढं फक्त विचारू नका.

माझी आजी डिचोलीकडची. तिच्या वाड्याच्या टोकाला एक वड आहे, अजून आहे, आणि त्याच्या मुळाशी राखणदाराची जागा. वर्षातून एकदा रोट, नारळ, फेणीची चपटी आणि विड्यांचा जुडगा. रात्री तो गावाची शीव फिरतो, हातात दांडा. दांड्याचा आवाज आला की आजी बोलता बोलता थांबायची, आवाज लांब जाईपर्यंत, आणि मग जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढे. आवाज आम्हाला कधीच आला नाही, तिलाच यायचा. एका मे महिन्यात मुंबईचा माझा चुलतभाऊ आला होता, हुशार, तिसरीत. त्याने विचारलं, “आजी, तो आधी कोण होता? मेला कसा?” आजीने कंदिलाची वात उगाचच खाली केली. म्हणाली, “तो कोण विचारणारा तू कोण?” त्या रात्री तो पोरगा मागल्या दारी जायला उठला नाही. सकाळी चादर धुवावी लागली. आज तो मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर आहे, हे वाचेलही, माफ कर रे.

आता आपण म्हणाल, आणि रागाच्या भरात नसतात तर म्हणालाही असतात, की आपल्याकडे भुताला पूर्वकथा असतेच. बरोबर. हडळ बाळंतपणात गेलेली असते. मुंजा लग्नाआधी गेलेला. पण ती केवढी असते बघा. एक ओळ! ‘बाळंतपणात गेली.’ दोन शब्द सांगितले की ऐकणारी प्रत्येक बाई उरलेलं आपल्या पोटातून भरून घेते. मला पूर्वकथेचं वावडं नाही, पूर्वकथेच्या लांबीचं आहे. १९७८च्या ‘हॅलोविन’मध्ये मायकल मायर्सने सहा वर्षांचा असताना बहिणीला मारलं, एवढंच. का, ते नाही. २००७ मध्ये रॉब झॉम्बीने त्याला वाईट घर, आईचा वाईट जोडीदार असं भरगच्च बालपण दिलं आणि मला त्या पोराची दया आली. दया आली की भीती कसली? कासावलीच्या टेकडीवरच्या तीन राजांच्या कपेलाचंही (छोट्या चर्चचंही) तेच झालंय. इंटरनेटवर वाचाल तर तिथे तीन राजांनी एकमेकांना कसं संपवलं याची सविस्तर कहाणी मिळेल. गावात जाऊन बघाल तर ६ जानेवारीला तीन पोरं मुकुट घालून घोड्यावरून टेकडी चढतात, फेस्त होतं, खाजें विकायला येतं. दिल्लीची पोरं मात्र रात्री दोनला कॅमेरे घेऊन येतात आणि गावकऱ्यांची झोप मोडतात. विषयांतर झालं.

उरलेल्या मुद्द्यांचं आता पटकन.

‘द थिंग’. रीमेक आहे, मान्यच आहे, मी कुठे नाही म्हटलं? माझा लेख पूर्वकथांवर होता, रीमेकवर नव्हता. दोन्ही सिनेमे जॉन कॅम्बेलच्या १९३८च्या एकाच दीर्घकथेवरून निघाले आणि कार्पेंटर तर तिच्या जास्त जवळ गेला. पण आपण हा मुद्दा काढताना २०११चा ‘द थिंग’ विसरलात, जो खरोखरच पूर्वकथा आहे. १९८२च्या सिनेमात अंटार्क्टिकातली अमेरिकन माणसं नॉर्वेच्या जळक्या तळावर जातात तेव्हा तिथे एक कुऱ्हाड रुतलेली दिसते, खुर्चीत गोठलेला एक माणूस दिसतो, पोकळ झालेला बर्फाचा ठोकळा दिसतो. तीन गोष्टी, काही मिनिटं. २०११वाल्यांनी ती कुऱ्हाड तिथे कशी पोचली तेही दाखवलं! पंचनाम्यासारखं. शिवाय त्यांच्याकडच्या कारागिरांनी हाताने बनवलेली सोंगं नंतर संगणकाने झाकून टाकली. रॉब बोटिनने १९८२मध्ये विशीत असताना जे रबर आणि चिकट द्रवातून उभं केलं होतं त्याच्या शेजारी ती बसवून बघा.

‘रात्रीस खेळ चाले’. पहिली २०१६ची, अण्णा नाईक गेल्यावर घरातली माणसं गोळा होतात तिथपासून. दुसरी २०१९ची, अण्णा जिवंत असतानाची. गाजली, हो. आमच्या घरीही लागायची, आईला त्या वेळेत फोन केलेला चालायचा नाही. पण ती मालिका आहे, सिनेमा नव्हे, आणि लोक अण्णा आणि शेवंता बघायला बसायचे, भुताला नाही. यावर आणखी लिहायची गरज मला वाटत नाही.

(आईने हे वाचून सांगितलंय की ती घाबरायची. तिचा स्वभाव तसा आहे.)

‘द फर्स्ट ओमेन’. पाहिलाय. केव्हा पाहिला हा प्रश्न गौण आहे, पण लपवायचं काय, मंगळवारी पाहिला, आपल्या प्रतिक्रियेनंतर. बनवलाय चांगला. आर्काशा स्टीव्हन्सन या दिग्दर्शिकेला चौकट कशी धरायची ते कळतं, १९७१चं रोम, रस्त्यावरची निदर्शनं, ती नवखी नन, एक बाळंतपणाचा प्रसंग तर असा की मी चहाचा कप खाली ठेवला. तो स्वतंत्र सिनेमा असता तर मी इथे त्याच्यावर कौतुकाने लिहिलं असतं. पण तो स्वतंत्र नाही, त्याला १९७६च्या ‘द ओमेन’च्या दारात नेऊन पोचवायचंय. त्या जुन्या सिनेमात दोघे जण रात्री स्मशानात पोराच्या आईची कबर उघडतात आणि आत कोल्ह्याचा सांगाडा निघतो. बस्स. मी तो पाहिला तेव्हा घरी जाताना वाटेत सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कोल्हे ओरडत होते, रोजच ओरडायचे, पण त्या रात्री मी सायकल हातात धरून चालत गेलो नाही, पळालो. त्या एका सांगाड्यावर आता दोन तासांचं स्पष्टीकरण चढलंय. आई कोण, बाप कोण, कोणाचा कट, कशासाठी. सड्यावरचे कोल्हेही आता कमी झालेत म्हणा, वसाहत आली तिथे.

पैशाबद्दल आपण काहीच बोलला नाहीत, ते मला विशेष वाटलं. ‘द एक्झॉर्सिस्ट’च्या तीन नव्या सिनेमांच्या हक्कांसाठी २०२१मध्ये ४० कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. २०२३मध्ये पहिला आला, मूळ सिनेमात आईचं काम केलेल्या, आता म्हाताऱ्या एलन बर्स्टिनला पुन्हा पडद्यावर आणून तिचे डोळे फोडले, आणि लोकांनी असा काही प्रतिसाद दिला की ठरलेला दुसरा भाग निघालाच नाही, सगळं काम दिग्दर्शक माइक फ्लॅनगनकडे नव्याने सोपवलं. ‘आम्ही कशाला घाबरायचं’ ते काका ठरवत नाहीत, रातकिडे बाब. ते असं ठरतं. आपल्यासाठी कोणीतरी हक्क विकत घेतंय आणि आपण रात्री पावणेदोनला त्यांची वकिली करताय, फुकट.

हे शेवटचं वाक्य जरा जास्त झालं असेल. राहू दे आता.

आपण प्रतिक्रियेत आणखीही दोन-तीन गोष्टी लिहिल्या आहेत, नव्या पिढीला जुना सिनेमा संथ वाटतो, नव्या भागांमुळेच पोरं मूळ सिनेमापर्यंत पोचतात वगैरे. माझ्या भाचीचा अनुभवही तसाच आहे म्हणे. तिच्याशी मी घरी बोलेन.

‘द एक्झॉर्सिस्ट’ची ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. दुकान बंद पडलं तेव्हा कापलेल्या रुपयांच्या बदल्यात उचलली. व्हीसीआर कोणाकडे चालू असेल तर कळवा. आणि नोव्हेंबरात पणजीत आलात तर रांगेत भेटा, मी सहसा पुढून विसावा-बाविसावा असतो. पास गळ्यातच असेल, ओळखायला सोपं जाईल. आपल्याला मी कसं ओळखायचं ते मात्र आपण कळवलेलं नाही.